व्याह्यांचं मोल

“ए मराठन! मों में दही जमो है का?”

कक्कोचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मातीच्या भिंतीपलीकडून आधी आवाज यायचा, मग खोकला, आणि मग डोक्यावर शेणाची पाटी घेतलेली शेजारची कक्को. ‘तोंडात काय दही विरजलंय का गं?’ असं ती माझ्या आईला विचारायची, आणि आई काही न बोलता पाटीला हात लावायची.

आई मुकी नव्हती. सातारकडची बाई, मुकी कशी असेल? पण माझे वडील, हणमंत हवालदार, पलटण सोडून झाशीजवळच्या बबिन्याहून निघाले ते गावाकडं न जाता एरचच्या अलीकडं दोन कोसांवर खिरियात जमीन घेऊन बसले. जमीन काबर. वाळली की दगड, भिजली की गूळ. चप्पल घालून गेलं तर माणूस पुढं आणि चप्पल मागं. वडलांना ती बघताक्षणी आवडली. “आपल्याच रानासारखी हाय की,” म्हणाले. जमीन आपल्यासारखी होती खरी, पण तिच्यावरची माणसं बुंदेली बोलत होती. आई पहिल्या दिवशी विहिरीवर दोन वाक्यं बोलली तर बायका पदर तोंडात धरून एवढ्या हसल्या की आईनं घागर तशीच अर्धी भरली आणि वर्षभर तोंडाला गाठ मारली. मी तेव्हा पाच वर्षांची. मीठ मागायलासुद्धा ती मलाच पाठवायची.

ती गाठ सोडवली कक्कोनं, आणि ती काही ‘राम-राम’ शिकवून नव्हे.

“राम-राम तो सुआ सोई कै लेत,” कक्को म्हणाली, म्हणजे राम-राम काय, पोपटसुद्धा म्हणतो. “गारी दै कें बता!”

शिवी देऊन दाखव! आई जात्याचा खुंटा धरून बघतच राहिली.

आता ही गारी म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अवघड होऊन बसेल. बुंदेलखंडात लग्नाची पंगत बसली की घरच्या बायका मांडवाच्या कडेला बसतात, ढोलक घेतात आणि जेवणाऱ्या व्याह्यांना गाण्यातून शिव्या घालतात. सुरेल, ठसक्यात, नाव घेऊन. व्याही जितका मानाचा तितकी शिवी तिखट. आणि व्याही काय करतात? हसत हसत भात कालवतात. शिवी मिळाली नाही तर मात्र घास अडतो. ‘आम्हांला परकं समजले’ म्हणून बोल लागतो तो पुढं सात पिढ्या.

आईला हे कळलं ते फार लागून कळलं. खिरियातलं पहिलं लग्न कक्कोच्याच घरचं. बायकांनी आधी आपसांतच एकेकीला नाव घेऊन गारी गायली. कुणी आळशी, कुणी चोरून तूप खाणारी, कुणाचा नवरा चुलीपुढं. आईचं नाव तेवढं गाळलं. फौजीची बायको, ‘बाई साहब’, तिला कसं बोलायचं? आई घरी आली आणि पीठ मळता मळता रडली. एवढ्या बायकांत मला एकटीला कुणी शिवी दिली नाही, म्हणून रडणारी बाई मी तेव्हापासून दुसरी पाहिली नाही. म्हणजे एक भेटली, पण ते पुढं येईलच.

पुढच्या लग्नात कक्कोनं स्वतः उठून आईची गारी गायली:

“मराठन टेरै ‘अहो, अहो’, दौरे आए बैल,
फौजी दद्दा कितै दुके हैं, ढूंढ़े सबरी गैल।”

मराठीण ‘अहो, अहो’ हाका मारते तर बैल धावत येतात, नवरा कुठं दडलाय, साऱ्या वाटा धुंडाळते! आईनं त्या दिवशी घरी येऊन शिरा केला.

मग आई गारीतूनच बुंदेली शिकली. शिवीतून नाती कळली, नात्यांतून भाज्या, भाज्यांतून रोग, रोगांतून देव. त्याच्या बदल्यात तिनं कक्कोला ओव्या दिल्या. पहाटे दोघी एका जात्यावर बसायच्या. कक्कोच्या जिभेवरून मराठीतला ‘ळ’ हरभऱ्यासारखा घरंगळून जायचा, पण सूर पक्का. कक्को गेली तेव्हा आईनं तिच्या उशाशी बसून ओवीच म्हटली होती. तेव्हापासून गावच्या गाण्याची म्होरकी झाली कक्कोची सून, रामकली. आई तिची जिज्जी, म्हणजे थोरली बहीण.

तर अशी सोळा वर्षं गेली, आणि आणीबाणी उठली त्या वर्षीच्या वैशाखात माझं लग्न ठरलं.

ठरलं म्हणजे घासून घासून ठरलं. ‘परमुलखात वाढलेली पोर, ना धड मराठी ना धड भय्यीण,’ असं म्हणून सात ठिकाणं मोडली होती. आठवं आलं ते वडलांच्या पलटणीतल्या जुन्या सोबत्याच्या ओळखीनं. वाई भागातले सुभेदार बापूराव. मुलगा पांडुरंग, पुण्याला नोकरीत. आणि बापूरावांनी कळवलं, मुलीचं गाव बघायचंय, लग्न तुमच्याच दारात करू.

वडलांना आनंद झाला आणि त्याच घटकेला घाम फुटला. कारण बापूराव म्हणजे वाळल्या काबरीसारखा माणूस, कुठं तडकेल नेम नाही. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात धाकट्या भावाच्या पानात भात आधी पडला म्हणून ते भरल्या पंगतीतून उठून गेले होते. ही गोष्ट साऱ्या पलटणीला पाठ.

“चंद्रभागे,” वडील म्हणाले, “तुझ्या त्या बायांना सांग. गारीबिरी काय न्हाई.”

आई मांडवाचे बांबू मोजत होती. “काय म्हंता?”

“म्हंतो, त्येंच्या तोंडाला कुलूप घाल. बापूरावाला ‘तुमची बायको अशी न् तुमची मिशी तशी’ म्हटलं तर त्यो पोराचा मुंडावळ्या बांधलेला मुडदा... अगं, त्यो वरात फिरवून न्हील!”

“जिभेला हाड हाय का तुमच्या? लगीनघरात मुडदा?”

“चुकलं. पर सांग त्येंनला.”

“अन् त्या काय म्हंतील? सोळा वरीस त्येंच्या ताटात जेवले. आता पोरीच्या लग्नाला गप बसा म्हणू?”

“पोरगी महत्त्वाची का शिव्या?”

आईनं बांबू तिथंच टाकले. ती उन्हातच निघाली. बाहेर लू सुटली होती, वाऱ्याला भट्टीचा वास. बोरीखाली कुत्री जिभा काढून पडलेली. मी मागोमाग गेले.

रामकली अंगणात महुआची, म्हणजे मोहाची, फुलं वाळत घालत होती. आईनं गोल गोल फिरवून सांगितलं. आमच्याकडं असं नसतं, व्याही कडक आहेत, पोरीचं नशीब आहे. रामकलीनं सगळं ऐकलं. हातातली फुलं खाली ठेवली, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली,

“हओ, बाई साहब।”

बास. एवढंच.

सोळा वर्षांची ‘जिज्जी’ होती, तिची एका क्षणात ‘बाई साहब’ झाली. आई तशीच उभी. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. मग ती खाली बसली, मूठभर महुआ उचलून पुन्हा पसरायला लागली आणि बुंदेलीत मराठी मिसळून म्हणाली, “काय री, बाई साहब कौन खों कै रई? कक्कोनं ऐकलं असतं तर तुझ्या पाठीत लाटणं घातलं असतं. गाओ. ऐसी गाओ कै मंड़वा हल जाए।”

“और समधी?”

“समधी खों हम देख लैहें।”

व्याह्यांना मी बघून घेते, म्हणाली. कसं बघणार हे तिलाही माहीत नव्हतं. वाटेत मला म्हणाली, “तुझ्या बापाला बोललीस तर बघ.”

वऱ्हाड आलं. बापूराव जीपमधून उतरले तेव्हा आधी मिशी उतरली, मग ते. मिशी दोन्ही बाजूंनी फुटलेली, राकट, कुरळी. आमच्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं आणि त्या पाहण्यातच गाणं रचून झालं हे मी मुंडावळ्यांआडून ओळखलं.

विहीणबाई सखूबाई, ठेंगण्या, गोऱ्या, फार न बोलणाऱ्या. आईनं पाय धुतले तर म्हणाल्या, “असू द्या.” पाणी दिलं तर, “पुरे.” उतरल्यावर त्या घरात शिरायच्या ऐवजी घटकाभर वेशीकडं तोंड करून उभ्या राहिल्या होत्या. महुआचा वास येत होता. आईनं विचारलं, “बाधतोय का हो वास?” तर नुसती मान हलवली.

लग्न लावायला झाशीच्या ओरछा गेटातून विद्याधरशास्त्री आलेले. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आलेलं भटजींचं घराणं. मराठी जुनं, तुपातलं, पण वर हिंदीची साखर. “मुलीच्या मामाला बोलवा जी, मुहूर्त निकळून जाईल,” अशा थाटात त्यांनी अक्षता टाकल्या आणि दुपारी पंगत बसली. कढी, भात, बरा म्हणजे उडदाचा वडा, आणि पानात तूप आणि बुरा, म्हणजे पिठीसाखर, ह्यांचा डोंगर. बापूरावांच्या पानात भात सगळ्यांत आधी पडेल ह्यावर वडलांनी स्वतः पहारा ठेवला होता.

बापूरावांनी पहिला घास उचलला आणि ढोलक वाजली.

वडलांचा चेहरा असा झाला जसा बांधावर साप दिसल्यावर होतो. त्यांनी आईकडं पाहिलं. आई तुपाचं भांडं घेऊन बरोबर बापूराव आणि बायका ह्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली होती.

रामकलीनं सूर धरला:

“समधी जू की मूंछें ऐसीं, जैसें टूटी बुहारी,
तनक निहुर कें आँगन झारो, ठाड़ीं घर की नारी।”

मिशी म्हणजे मोडका झाडू, जरा वाकून अंगण झाडा! पंधरा बायकांनी ते उचलून धरलं. बापूरावांचा घास थांबला. बुंदेली त्यांना येत नव्हती, पण अर्धा हिंदुस्थान फिरलेला फौजी माणूस, ‘मूंछ’ त्यांना बरोबर ऐकू गेली.

“हवालदार,” ते म्हणाले, “मिशीचं काय म्हंत्यात वो?”

वडील कढीच्या बादलीकडं वळले. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “स्वागत गात्यात, व्याही. मी सांगते की.” आणि तिनं जात्यावरच्या सुरात ओवी टाकली:

“दारी आले व्याही, मिशी किती झोकदार,
लख्ख झालं माझं दार, झाडल्यावाणी.”

बापूरावांनी घास खाली ठेवला.  मग तो हात मिशीकडं गेला. त्यांनी उजवी बाजू पिळली, मग डावी.

“असं म्हंत्यात?”

“असंच म्हंत्यात.”

“बघा,” बापूराव डाव्या-उजव्या पाहुण्यांना म्हणाले, “मिशीची कदर ह्या मुलखाला हाय.”

बायकांना तेवढंच हवं होतं. व्याही मिशी पिळतोय म्हटल्यावर ढोलक पेटली.

“समधन गईं एरच की हाटै, बेंच आईं समधी खों,
दो सेर महुआ में बेंचो, कोऊ न पूंछत ऊखों।”

विहीण एरचच्या बाजाराला गेली आणि नवऱ्याला दोन शेर महुआवर विकून आली, त्याला कुणी विचारीना! मी खाली मान घालून पोट दाबलं. शेजारी बसलेला माझा नवरा हळूच म्हणाला, “तब्येत बरी नाही का?”

“आता बाजाराचं काय?” बापूरावांनी पान सरकवलं. “विकल्याचं ऐकलं मी.”

आईनं तूप वाढतच ठेवलं. तुपाची धार पानाबाहेर गेली. मग तिनं सूर लावला:

“एरचच्या हाटाला, सोनंनाणं पडून राही,
व्याह्यांचं मोल बाई, सारा गाव पुसे.”

“व्वा!” बापूराव म्हणाले. “घाला, तूप घाला.”

तिसरी गारी विहीणबाईंची होती: जीभ जात्यासारखी दिवसरात्र चालते, म्हणून नवरा गोठ्यात दडून गाईंशी बोलत बसतो. आईनं त्याची ओवी केली: विहीण जात्यासारखी अखंड राबते, आणि व्याही मुक्या जनावरांना माया लावतात. बापूरावांचे डोळे पाणावले. “जनावरांची माया,” ते म्हणाले, “ही माझ्या सख्ख्या भावाला दिसली न्हाई कधी. ह्या बायांनी एका दिवसात वळखली.” ते अर्धे उठले, भरल्या हातानं बायकांना नमस्कार केला आणि फौजी हिंदीत ओरडले, “वो मूंछवाला फिर से गाओ!”

बायका इतक्या हसल्या की दोघी ढोलकीवर पडल्या. तिथंच घोटाळा झाला. हसणं जरा जास्त झालं. बापूरावांचा हात मिशीवरच थांबला. डोळे बारीक झाले.  लांब बोरीत होला घुमत होता तेवढंच.

“भटजीबुवा,” ते पलीकडच्या पानाकडं वळले, “तुम्ही झाशीचे. दोन्ही बोल्या येतात तुम्हांला. ह्या म्हंत्यात त्याचा अर्थ विहीणबाईंनी सांगितला त्योच का?”

विद्याधरशास्त्र्यांच्या तोंडात अख्खा बरा होता. खोटं बोलावं तर नुकत्याच म्हटलेल्या मंत्रांची लाज, खरं बोलावं तर नुकतंच लागलेलं लग्न. ते चावत राहिले. एवढा वेळ बरा चावणारा माणूस मी पाहिलेला नाही.

“देखिये सुभेदारजी,” शेवटी ते म्हणाले, “अर्थ तसा... भाव बराबर आहे, पण शब्द...”

“शब्दांचं काय?”

आईनं तुपाचं भांडं खाली ठेवलं. सात मोडलेली ठिकाणं तिच्या डोळ्यांपुढून गेली असणार. माझ्या तर गेलीच.

“अहो,” बायकांच्या पंगतीतून सखूबाई बोलल्या. दिवसभरातलं त्यांचं पहिलं लांब वाक्य. “भटजींच्या घशात घास अडकवता का? ब्राह्मणाला ठसका लागला तर पाप कुणाला? गाणं गोड, कढी गोड. जेवा की गप.”

“तू ऐकलंस का नीट?”

“ऐकलं की. शब्द न् शब्द.”

“मग?”

“मग काय? खरं तेच गायल्या.”

बापूरावांनी पान पुढं ओढलं. मग मिशी पिळून म्हणाले, “भात वाढा.” वडील मांडवाच्या खांबाला टेकले ते पंगत उठेपर्यंत टेकलेलेच होते.

ऊन कलल्यावर जीप दाराशी आली. माझी ओटी भरली. सखूबाई आईजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “मागच्या दारी चला जरा. पोरीलाही आणा.”

आई माझा हात धरून निघाली. मागच्या दारी रामकली चार बायकांबरोबर राखेनं पातेली घासत होती. आम्हांला बघून सगळ्या उभ्या राहिल्या. सखूबाईंनी एकेकीकडं पाहिलं, पदर डोक्यावर ओढला, अगदी रामकली ओढते तसा, आणि म्हणाल्या,

“काय री, सबकी गारी गाई। हमाओ नाँव काय नईं लओ?”

रामकलीच्या हातातलं पातेलं घरंगळत नालीपर्यंत गेलं.

माझं नाव का नाही घेतलं? बुंदेलीत, आणि ती शिकलेली नव्हे, अंगात मुरलेली. कक्कोची बुंदेली.

“विहीणबाई...” आई म्हणाली.

“माझे वडील झाशीला रेल्वेत फिटर होते,” सखूबाई मराठीत बोलायला लागल्या, पाण्याचा बांध फुटावा तशा. “मी ओरछा गेटातल्या गल्लीत वाढले. तेरा वर्षांची होते तेव्हा वडील गेले, अन् आम्ही वाईला आलो. लग्नानंतर एकदा पाणी भरताना गारी गुणगुणले, तर सासूनं विचारलं, ही कुठली भय्यीण आणली? अन् ह्यांनी सांगितलं, त्या मुलखाचं नाव काढायचं नाही. नाही काढलं. तेहेतीस वर्षं. ह्यांना माहीत आहे मी झाशीला राहिले. बोली विसरले असंच त्यांना वाटतंय. हे ठिकाण आलं तेव्हा कागदावर एरच वाचलं आणि मीच हट्ट धरला, मुलीचं गाव बघू, लग्न तिथंच करू.” त्या रामकलीकडं वळल्या. “सगळ्यांना एवढ्या मायेनं शिव्या दिल्यात. मला नुसतं ‘समधन’ म्हणालात. सखूचं नाव एकदाही नाही.”

आईनं त्यांना मिठीत घेतलं. दोघींच्या साड्यांना रामकलीच्या हाताची राख लागली, कारण तीही मिठीत घुसली होती. पुढच्या अंगणातून बापूरावांचा आवाज येत होता. ते वडलांना मिशीची ओवी म्हणून दाखवत होते, आणि सूर साफ चुकत होता.

रामकलीनं नाक पुसलं. “का गाएँ, सखू समधन? बताओ।”

“बेई हाट वारी।” तीच, बाजाराची. सखूबाईंनी डोळे पुसले आणि गालात अशा हसल्या की तेरा वर्षांची ओरछा गेटातली पोरगी मला समोर दिसली. “पै मोल ठीक कर लो। दो सेर महुआ भौत होत। हम तो सेर भर में दै देते।”